दुसऱ्याची ठेव

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्या हळदीची अडत करणाऱ्या एका घराचा एक अलिखित नियम होता. एका शेतकऱ्याचे खाते दुसऱ्या शेतकऱ्यासमोर उघडायचे नाही. उचल कोणाची किती, पट्टी कोणाची थकली, मुलीच्या लग्नासाठी आगाऊ रक्कम कोणी नेली, हे तिघांनाच ठाऊक असे : तो शेतकरी, पेढीचे मालक आणि दिवाणजी. चौथ्या माणसाने विचारले तर दिवाणजी चष्मा काढून पुसत बसत आणि विचारणारा समजून जाई. अण्णांनी ही शिस्त आपल्या वडिलांकडून घेतली होती. हळद हरिपूरच्या पेवांत ठेवली जाई त्या काळापासून ती चालत आली होती. जमिनीखालच्या त्या कोठारात कोणाचा माल किती, हे वरून चालणाऱ्याला कळत नसे. पेव उघडल्यावरही लगेच कोणी आत उतरत नसे. कोंडलेली हवा आधी बाहेर जाऊ देत.

अशा घरात एका संध्याकाळी धाकट्या मुलाचा चाकणहून फोन आला. तो तिथल्या एका कारखान्यात अभियंता होता. त्याचा आवाज थकलेला होता. “अण्णा, माझ्या उपचारांची सगळी नोंद कंपनीत पोहोचली. त्यात तुमचंही नाव आहे.”

मागची हकीकत अण्णांना तेव्हा पहिल्यांदा कळली. चार महिन्यांपूर्वी मुलाच्या पाळीत एका कामगाराची बोटे प्रेसखाली सापडली होती. तेव्हापासून मुलाची झोप उडाली. यंत्राचा ठोका कानात राही. जिना चढताना छातीत धडधडे. कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी एका ॲपवर समुपदेशनाची सोय केली होती. पहिली सहा सत्रे विनामूल्य आणि सारे काही गोपनीय, असे त्यावर लिहिले होते. सुनेने आग्रह केला आणि त्याने नाव नोंदवले. समुपदेशिका शांतपणे ऐकणारी होती. चौथ्या सत्रात तो अपघाताच्याही मागे गेला. २००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, माल कुजला आणि पेढीला मोठी खोट आली. त्यानंतर कित्येक रात्री अण्णा रिकाम्या गोदामात अंधारात एकटेच बसून असत. दहा वर्षांचा मुलगा दाराआडून त्यांना पाहत उभा राही. वडील पुन्हा घरात येतील ना, या भीतीने त्याला झोप येत नसे. ही गोष्ट त्याने आजवर कोणालाही सांगितली नव्हती.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या. त्यांनी गुंगी येण्याचा संभव होता. मुलाची रात्रपाळी चालू होती आणि काम प्रेसजवळचे होते. समुपदेशिकेने त्याला स्पष्ट सांगितले, “तुमच्या कारखान्याच्या डॉक्टरांना हे कळायला हवे. कळवू का?” तो हो म्हणाला. ॲपवर एक चौकट आली आणि त्याने ‘मान्य’ दाबले. त्याला वाटले, एक पत्र जाईल. प्रत्यक्षात सहाही सत्रांचा सारांश कारखान्याच्या आरोग्य केंद्राच्या संगणकात जाऊन बसला. कौटुंबिक इतिहासाच्या रकान्यात अण्णांच्या त्या रात्री होत्या. केंद्रातल्या लिपिकाने पाळी बदलण्याच्या यादीत कारण म्हणून ‘मानसिक उपचार सुरू’ असे लिहिले. यादी पर्यवेक्षकाकडे गेली आणि तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कोणीतरी हसत विचारले, “काय साहेब, डोक्याचा डॉक्टर लागला म्हणे?”

अण्णांचा पहिला उद्गार रागाचा होता. “घरातलं घरात ठेवायचं. बाहेर सांगायला कोणी सांगितलं होतं? सोड ती नोकरी, पेढी आहे आपली.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मुलगा म्हणाला, “अण्णा, सांगितलं म्हणून झोप यायला लागली. चूक सांगण्यात नाही झाली. पोहोचवण्यात झाली.”

त्या रात्री अण्णांना झोप लागली नाही. राग कोणाचा, हे त्यांचे त्यांनाच उमजेना. कंपनीचा होता, ॲपचा होता. पण आपला मुलगा वीस वर्षे एक ओझे घेऊन वावरला आणि ते उतरवायला त्याला परक्या बाईसमोर बसावे लागले, याचीही बोच त्यात होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने ते पुण्याला गेले.

कारखान्याच्या डॉक्टरांना भेटण्याचा आग्रह अण्णांचा होता. मुलगा संकोचला, पण त्याने वेळ मागून घेतली. डॉक्टर पन्नाशीचे, मितभाषी गृहस्थ होते. अण्णा भांडणाच्या तयारीने गेले होते. डॉक्टरांनी मात्र आधी झालेली चूक मान्य केली आणि मग आपली बाजू सांगितली. कारखान्यात बोट तुटलेला माणूस पहिल्यांदा त्यांच्याच खोलीत आणला जातो. गुंगीची गोळी घेऊन कोणी यंत्रापाशी उभा राहत असेल आणि ते त्यांना ठाऊक नसेल, तर उद्या रक्त कोणाचे सांडेल हे सांगता येत नाही. “मला तीनच गोष्टी हव्या होत्या,” ते म्हणाले. “यंत्राजवळ काम चालेल का, रात्रपाळी चालेल का, आणि पुन्हा कधी तपासायचं. बाकीची पानं मला नको होती. पण ती समोर आली आणि मी वाचली. वाचलेलं आता न वाचलेलं करता येत नाही.”

या शेवटच्या वाक्याने अण्णा थोडे निवळले. व्यापाऱ्याला हिशेब कळतो. तीन गोष्टींची मागणी होती आणि सारा संसार तागडीत टाकला गेला होता.

सून सनदी लेखापालाच्या कार्यालयात काम करत असल्याने कायद्याची पाने चाळण्याची तिला सवय होती. त्या रात्री जेवणानंतर तिने सासऱ्यांना काही गोष्टी समजावून सांगितल्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ साली झाला आणि मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या २३ व्या कलमाने मानसिक आजाराच्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्या सर्व आरोग्य व्यावसायिकांवर ती राखण्याचे बंधन घातले आहे. अपवाद मोजके आहेत : रुग्णाने नेमलेला प्रतिनिधी, उपचारांसाठी ज्यांना माहिती लागते असे इतर आरोग्य व्यावसायिक, कोणाच्या जिवाला किंवा शरीराला असलेला धोका, न्यायालयाचा वा सक्षम मंडळाचा आदेश आणि सार्वजनिक सुरक्षितता. दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून माहिती द्यावी लागली, तरी त्या रक्षणापुरतीच द्यायची. पाळ्यांची यादी करणारा लिपिक किंवा पर्यवेक्षक या अपवादांत कुठेही बसत नाही. २४ वे कलम आणखी पुढे जाते : संगणकात वा आभासी जागेत साठवलेल्या माहितीलाही हीच गोपनीयता लागू आहे.

तिने दुसरी बाजूही सांगितली. कारखान्याच्या डॉक्टराने नोंदी ठेवणे ही काही आगळीक नव्हे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात जी कलमे घातली गेली, त्यांनी धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांना कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले आणि त्या नोंदी कामगाराला पाहता आल्या पाहिजेत असेही सांगितले. कामगाराचा जीव वाचावा म्हणून नोंद असते. त्या नोंदीतले मालकापर्यंत किती जावे, हा खरा प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ साली कामगारांच्या खाजगी माहितीविषयी जी आचारसंहिता काढली, तिची दिशा स्पष्ट आहे : वैद्यकीय तपासणीतून मालकाला केवळ निष्कर्ष कळावा आणि तोही नोकरीच्या त्या निर्णयापुरता. माणूस कामाला योग्य आहे का, कोणते काम टाळावे, इतकेच. आजाराचे नाव नव्हे, कारण तर नव्हेच.

“पण मी मान्य दाबलं होतं,” मुलगा म्हणाला.

सुनेने मान हलवली. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमतीची व्याख्या केली आहे. ती मोकळ्या मनाने दिलेली, विशिष्ट हेतूसाठीची आणि पूर्ण माहितीवर आधारलेली असावी, आणि देण्याइतकेच ती परत घेणेही सोपे असावे. केंद्र सरकारच्या ‘आभा’ क्रमांकाच्या व्यवस्थेत हा विचार आराखड्यातच उतरवलेला आहे. कागद मूळ रुग्णालयाकडेच राहतात; मागणारा कोण, कोणता कागद, कशासाठी आणि किती काळ, हे पाहून रुग्ण होकार देतो, आणि दिलेला होकार मागेही घेऊ शकतो. एका चौकटीत ‘सारे काही’ मान्य करवून घेणे ही संमती नाही. कोऱ्या कागदावर घेतलेली सही आहे. अण्णांना ही उपमा लगेच पटली. कोऱ्या हुंडीवर सही करणाऱ्याची काय गत होते, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणीच दाखवले होते.

अण्णांनी आणखी एक शंका काढली : कागदावर असते तर इतके पसरले असते का? मुलाने फिनलंडची घटना सांगितली. तिथल्या एका मोठ्या मानसोपचार संस्थेच्या संगणकातून हजारो रुग्णांच्या सत्रांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० साली चोराने थेट रुग्णांनाच पैशांसाठी धमकावले. संस्था पुढे दिवाळखोरीत गेली. कपाटातली एक फाईल चोरायला एक माणूस कपाटापर्यंत यावा लागतो; संगणकातली सारी कपाटे एकदम उघडता येतात. म्हणून तिथे मुळात कमी ठेवणे हेच मोठे कुलूप.

पुढच्या आठवड्यात मुलगा, समुपदेशिका आणि डॉक्टर एकत्र बोलले. नवे पत्र तयार झाले, अर्ध्या पानाचे. आठ आठवडे रात्रपाळी नको, प्रेस आणि उचल-यंत्रांजवळ काम नको, इतर काम करण्यास योग्य, अमुक तारखेला फेरतपासणी. आजाराचे नाव नाही, कारण नाही, घरातल्या कोणाचा उल्लेख नाही. पाठवण्यापूर्वी समुपदेशिकेने ते मुलाला वाचून दाखवले आणि त्याने एक शब्द बदलायला सांगितला तो बदलला. आधीचा सारांश आरोग्य केंद्राच्या संगणकातून काढला गेला आणि पाळ्यांच्या यादीतला शेरा पुसला गेला. कँटीनमधला प्रश्न मात्र पुसता आला नाही. कंपनीशी संबंध नसलेली वाटही हवी, म्हणून समुपदेशिकेने टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिला. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा दिवसरात्र विनामूल्य चालते.

अण्णा सांगलीला परतले तेव्हा दशलक्षण पर्व सुरू होत होते. मंदिरात प्रथेप्रमाणे रोज तत्त्वार्थसूत्राच्या एकेका अध्यायाचे विवेचन होई. सातव्या दिवशी सातवा अध्याय आला, व्रतांचा आणि त्यांच्या अतिचारांचा. अण्णांनी तो आयुष्यभर ऐकला होता. सत्याणुव्रताचे अतिचार म्हणजे खोटे बोलण्याचे प्रकार, अशी त्यांची ढोबळ समजूत होती. त्या दिवशी पंडितजी एकेक नाव उलगडू लागले आणि अण्णांचे कान टवकारले. रहोभ्याख्यान म्हणजे दुसऱ्याचे एकांतातले उघड करणे. साकारमंत्रभेद म्हणजे चेहऱ्यावरून, हालचालींवरून दुसऱ्याच्या मनातले ओळखून ते चारचौघांत फोडणे. न्यासापहार म्हणजे ठेव बुडवणे. त्याचे टीकाकारांनी दिलेले उदाहरण तर थेट पेढीवरचे आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला, तर ‘हो, तेवढीच होती’ म्हणून उरलेली स्वतःकडे ठेवून घेणे.

यातले पहिले दोन अतिचार खोटे बोलण्याचे नव्हते. जे उघड केले ते खरेच असते आणि तरीही सत्यव्रताला डाग लागतो. खरे आहे म्हणून सांगण्याचा अधिकार आपोआप मिळत नाही. पंडितजींनी ओघात भगवती आराधनेतल्या आचार्यांच्या गुणांचा उल्लेख केला. शिष्याची आलोचना ऐकणारा आचार्य ‘अपरिस्रावी’ असावा. ज्यातून काही पाझरत नाही, असा. शिष्याने दोष सांगावा तो शुद्धीसाठी. ऐकणाऱ्याकडून तो तिसऱ्याकडे झिरपला, तर पुढचा शिष्य तोंडच उघडणार नाही आणि त्याचे शल्य आतच राहील.

अण्णांना आधी चाकणचा लिपिक आठवला. मग ॲप आठवले. आणि मग, मंदिरातून उतरताना पायरीवरच, त्यांना दिवाणजी आठवले.

चाळीस वर्षे साऱ्या यार्डाची गुपिते पोटात ठेवणाऱ्या दिवाणजींना, निवृत्तीच्या चार वर्षे आधी, निराशेचा आजार जडला होता. मिरजेच्या डॉक्टरांकडे उपचार चालू होते. रजेसाठी त्यांनी ही गोष्ट अण्णांना एकट्यात सांगितली होती. अण्णांनी रजा दिली, पगार कापला नाही आणि दोन शेजारच्या व्यापाऱ्यांना काट्यापाशी उभे राहून म्हणाले होते, “दिवाणजींचं मिरजेला चालू आहे, जरा सांभाळून घ्या.” हेतू चांगला होता. दिवाणजी त्या दोन्ही पेढ्यांची वहीखाती संध्याकाळी लिहीत. महिन्याभरात ते काम बंद झाले. एका पेढीने मुलगा बसवला असे सांगितले, दुसरीने संगणक आणला असे. अण्णांनी या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा जोडला नव्हता. की जोडायचा नव्हता, हे आता त्यांना ठरवता येईना.

क्षमावाणीच्या दिवशी फोनमध्ये शेकडो क्षमासंदेश येऊन पडले होते. अण्णांनी एकही पुढे पाठवला नाही. ते गावभागातल्या दिवाणजींच्या घरी चालत गेले आणि नेहमीचे वाक्य न म्हणता काय झाले होते ते सांगितले. दिवाणजींनी सवयीने चष्मा काढून पुसला.

“शेठ, तुम्ही वाईट बोलला नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं,” ते म्हणाले. “पण बोलण्याआधी मला विचारलं असतंत, तर मी नको म्हणालो असतो.”

थोड्या वेळाने त्यांनी चहा मागवला. क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत आणि अण्णांनीही पुन्हा मागितली नाही. दोन पेढ्यांची खाती काही परत येणार नव्हती.

त्या दिवशी दुकानात येऊन अण्णांनी पेढीचा व्हॉट्सॲप गट उघडला. हमाल, तोलाईदार, लेखनिक, गाडीवाला आणि घरची दोन मुले असे एकोणीस जण त्यात होते. रजा हवी असेल तर डॉक्टरांच्या कागदाचा फोटो गटावर टाकायचा, असा नियम त्यांच्याच थोरल्या मुलाने सोयीसाठी घातला होता. अण्णांनी बोटाने मागे मागे जाऊन पाहिले. एका हमालाच्या क्षयाच्या गोळ्यांचा कागद होता. गोदाम झाडणाऱ्या बाईचा दवाखान्यातून घरी सोडल्याचा कागद होता. तिचे मूल राहिले नव्हते, ते त्यावर लिहिले होते. खाली कोणीतरी हात जोडल्याचे चित्र टाकले होते. दुसऱ्याच्या कारखान्यातल्या लिपिकावर अण्णा दोन महिने संतापले होते. त्यांच्या स्वतःच्या पेढीवर एकोणीस लिपिक होते.

नियम त्याच दिवशी बदलला. रजेचा कागद गटावर टाकायचा नाही. तो एकट्या थोरल्याला दाखवायचा. डॉक्टरांना विनंती करायची की किती दिवस विश्रांती आणि कोणते काम टाळायचे, एवढेच लिहा. कोणाला ओझे उचलणे मना असेल, तर मुकादमाला ‘याला पोती देऊ नका’ इतकेच सांगायचे, का ते नाही. क्षयासारखे इतरांच्या जिवाशी संबंध असलेले काही असेल, तर काय करायचे ते डॉक्टरांनाच विचारायचे आणि त्या माणसाला समोर बसवून विचारायचे. जुने फोटो प्रत्येकाने आपापल्या फोनमधून काढून टाकावेत, असे अण्णांनी स्वतः एकेकाला सांगितले. काढले की नाही, हे तपासण्याचा मार्ग त्यांच्याकडे नव्हता.

थोरल्याला हे जरा अतीच वाटले. “अण्णा, आपण काय दवाखाना आहोत का? दुकान आहे.” अण्णा म्हणाले, “दुकान आहे म्हणूनच. ठेव ठेवून घेतल्यावर ती कशाची आहे हे पाहून सांभाळायची नसते.”

आठ आठवड्यांनी चाकणला फेरतपासणी झाली. मुलाच्या गोळ्या कमी झाल्या होत्या. प्रेसजवळच्या कामाला डॉक्टरांनी परवानगी दिली. रात्रपाळीला आणखी महिनाभर नाही. नवे पत्र पुन्हा अर्ध्याच पानाचे होते. ही बातमी द्यायला त्याने रात्री फोन केला. बोलणे झाल्यावर तो ठेवणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “थांब. पुराच्या साली गोदामात मी का बसत होतो, ते तुला सांगायचं राहिलं आहे.”

ते फोन घेऊन गच्चीवर गेले आणि त्यांनी दार ओढून घेतले. तासाभराने खाली आले. काय बोलणे झाले, हे घरात कोणीही विचारले नाही.